नवरा पसंत नाही एवढ्याच कारणासाठी रखमाबाई जेलमध्ये जायला तयार झाल्या होत्या

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्टात जस्टिस फॅरन यांनी २२ वर्षांच्या एका मुलीसमोर दोन पर्याय ठेवले. एकतर महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं, नाहीतर सहा महिने जेलमध्ये जायचं.

मुलीचं उत्तर होतं, जेल चालेल.

ही मुलगी म्हणजे रखमाबाई. आपण त्यांना ओळखतो डॉक्टर रखमाबाई म्हणून. भारतात प्रत्यक्ष प्रॅक्टिस केलेल्या अगदी पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक. त्यांच्यावर सिनेमा आला, २०१७ साली गुगलने त्यांच्या वाढदिवसाला डूडल केलं. पण डॉक्टर होण्याच्या आधी त्यांनी जे केलं होतं ते जास्त अवघड होतं. त्यांनी नवऱ्याला नाही म्हटलं होतं. आणि या नकारामागे मारहाण, व्यसन असलं कोर्टाला पटेल असं एकही कारण नव्हतं. हे लग्न मला विचारून झालेलं नाही आणि हा माणूस मला नवरा म्हणून मान्य नाही, मुद्दा एवढाच होता.

तर गोष्ट सुरू होते मुंबईतल्या एका सुतार समाजातल्या घरातून.

२२ नोव्हेंबर १८६४ ला रखमाबाईंचा जन्म झाला. त्या अडीच वर्षांच्या असताना वडील जनार्दन पांडुरंग गेले. आई जयंतीबाई तेव्हा अवघ्या १७ वर्षांच्या. पुढे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. ब्राह्मण घरात त्या काळी विधवेचं लग्न म्हणजे वाळीत पडायची वेळ, पण सुतार समाजात पाट लावायची रीत होती, त्यामुळे फार गाजावाजा झाला नाही. लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता लेकीच्या नावावर केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कोर्टात आणि पेपरात हीच उकरून काढली जाणार आहे.

सखाराम अर्जुन हे मुंबईतलं मोठं नाव. डॉक्टर होते आणि वनस्पतींचे जाणकारही. १८८३ साली ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू केली त्यातले दोनच भारतीय होते, आणि त्यातले एक सखाराम अर्जुन. घरी सुधारक मंडळींची उठबस. अशा घरातल्या मुलीचं लग्न तरी उशिरा होईल असं वाटतं ना? नाही झालं. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न लागलं. नवरा दादाजी भिकाजी, वय १९, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला.

ठरलं असं होतं की दादाजी सासरच्यांच्या आधाराने शिकेल आणि चांगला माणूस होईल. लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाई वयात आल्या. रिवाजाप्रमाणे गर्भाधान व्हायला हवं होतं. इथे सखाराम अर्जुन यांच्यातला डॉक्टर जागा झाला. एवढ्या लहान मुलीला नवऱ्याकडे पाठवायला त्यांनी साफ नकार दिला. रखमाबाई माहेरीच राहिल्या.

आणि इथून दोघांचे रस्ते वेगळे झाले.

दादाजींना विशीत शाळेच्या बाकावर बसवलं होतं, ते त्यांना जमलं नाही. त्यांची आई वारली. ते मामा नारायण धुरमाजी यांच्या घरी राहायला गेले, शिक्षण सुटलं, आजारपण आलं, कर्ज झालं. दादाजींना खलनायक करायची गरज नाही. एका तरुणाला घरच्यांनी साच्यात बसवायचा प्रयत्न केला, तो बसला नाही. त्याचंही ऐकून घेतलं गेलं नव्हतंच.

इकडे रखमाबाईंची शाळा लग्नानंतर सुटली होती. मग त्यांनी काय केलं, तर फ्री चर्च मिशनच्या लायब्ररीतून पुस्तकं आणून घरी वाचायला सुरुवात केली. इंग्रजी शिकल्या. प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाजातल्या लोकांशी ओळखी झाल्या. वाचन जसं वाढत गेलं तसं त्यांच्या डोक्यात पक्कं होत गेलं की त्या घरात, त्या माणसाबरोबर आपण राहू शकणार नाही.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत नोटीस पाठवली, माझी बायको माझ्याकडे पाठवा. नकार आल्यावर त्यांनी हायकोर्टात दावा ठोकला. दावा होता वैवाहिक हक्क मिळावेत म्हणून. सोप्या भाषेत, बायको नांदायला येत नाही, तर कोर्टाने तिला पाठवावं.

यातली गंमत अशी की हा प्रकार हिंदू धर्मशास्त्रातून आलेलाच नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांमधून आला होता आणि इंग्रजांनी तो भारतात आणून लावला होता. त्याहून पुढची गंमत म्हणजे १८८४ साली, म्हणजे नोटीस आली त्याच वर्षी, इंग्लंडने स्वतःच्या देशात यासाठी जेलमध्ये टाकणं बंद केलं. भारतात मात्र ती शिक्षा चालूच राहिली.

१८८५ च्या एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन यांचं निधन झालं. ऐन खटल्याच्या तोंडावर रखमाबाईंचा सगळ्यात मोठा आधार गेला.

पण जूनमध्ये टाइम्स ऑफ इंडियात एक पत्र छापून आलं, विषय बालविवाह. सहीच्या जागी नाव नव्हतं, एक हिंदू स्त्री एवढंच होतं. मग सप्टेंबरमध्ये दुसरं पत्र आलं, विधवांवर लादलेल्या वैधव्याबद्दल. मुद्दे थेट होते. मुलाचं लग्न लवकर झालं तरी तो शिकू शकतो, नोकरी करू शकतो, दुसरी बायको आणू शकतो. मुलीला पुस्तकांची गोडी लागते न लागते तोच तिच्या हातातून ती जातात. ही लेखिका म्हणजे रखमाबाई, हे पुढे सगळ्यांना कळलं.

पत्र लिहिणारी बाई रडगाणं गात नव्हती हे महत्त्वाचं. आपलं सगळ्यात मोठं नुकसान काय झालं हे सांगताना त्यांनी नवऱ्याबद्दल तक्रारी मोजल्या नाहीत. अभ्यास करता आला नाही, हे त्यांचं दुःख होतं. त्यांना नको काय हे जेवढं माहिती होतं तेवढंच हवं काय हेही माहिती होतं, आणि ते त्यांनी डॉक्टरकीचा विचारही समोर नसताना लिहून ठेवलं होतं.

सप्टेंबर १८८५ मध्ये जस्टिस पिन्हे यांच्यासमोर सुनावणी झाली. पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं असं होतं की हे दोघं कधी एकत्र राहिलेलेच नाहीत, तर हक्क परत कसले मिळवून द्यायचे? बालपणी लग्न लावलेल्या तरुण बाईला तिच्या इच्छेविरुद्ध एका माणसाच्या घरी पाठवणं त्यांना क्रूर वाटलं.

निकाल आला आणि वादाचा भडका उडाला. टिळकांच्या मराठा पेपरने लिहिलं की पिन्हे यांना हिंदू कायद्याचं मर्मच कळलेलं नाही. नेटिव्ह ओपिनियन दादाजींच्या बाजूने उतरला. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई ही मंडळी रखमाबाईंच्या मागे उभी राहिली, मदतीसाठी कमिटी झाली, निधी गोळा झाला.

लोकांना खरी अडचण वेगळीच होती. एका मुलीने स्वतःच्या मनाने हे ठरवलं असेल, यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. मग कारणं शोधली गेली. दादाजींनी तर आपली बाजू मांडणारी पुस्तिकाच छापली. त्यांच्या मते खरं कारण मालमत्ता होतं, ती हातची जाऊ नये म्हणून माहेरचे मुलीला अडवत होते. कोणाला वाटत होतं इंग्रजी शिक्षणाने डोकं फिरवलं. रखमाबाईंनी दादाजींच्या आरोपांना पेपरातून जाहीर उत्तर दिलं. बाकी या सगळ्या खटल्याच्या मुळाशी दुसरा कोणी पुरुष नव्हता. कोणासोबत तरी जायचं आहे म्हणून त्या नाही म्हणत नव्हत्या, त्यामुळे तर हा नकार लोकांना अजूनच कळेना.

१८८६ मध्ये दादाजी अपिलात गेले. पिन्हे यांचा निकाल फिरला, प्रकरण पुन्हा सुनावणीला आलं, आणि मग आला सुरुवातीला सांगितलेला जस्टिस फॅरन यांचा आदेश.

जेल पत्करेन पण जाणार नाही, हे रखमाबाईंनी जाहीर केल्यावर खटला देशाबाहेर पोचला. लंडनच्या पेपरांमध्ये चर्चा झाली, मॅक्स म्युलरसारख्या विद्वानाने त्यावर लिहिलं. सरकारचीही पंचाईत झाली. शिकलेल्या मुलीला या कारणासाठी कोठडीत टाकलं तर जगभर छी-थू होणार, आणि नाही टाकलं तर धर्मात ढवळाढवळ केली म्हणून ओरड होणार.

सोशल मीडियावर एक गोष्ट कायम फिरते, की शेवटी व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून हे लग्न रद्द केलं. ऐकायला भारी वाटतं, पण शेवट इतका फिल्मी झाला नाही. जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजींना २,००० रुपये मिळाले आणि त्यांनी दावा सोडला. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं लग्नही केलं.

रखमाबाईंचं काय? हिंदूंना तेव्हा घटस्फोटच नव्हता. जेल टळला, नांदायला जाणं टळलं, पण कायद्याने त्या दादाजींच्या बायकोच राहिल्या. लग्न करून नवा संसार थाटायची वाट त्यांच्यासाठी बंद होती. आपल्या नकाराची ही किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

आता २४ वर्षांच्या या बाईने पुढे करायचं काय? गावभर नाव झालेलं, निम्म्या लोकांना तोंड बघायची इच्छा नाही. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये तेव्हा डॉ. एडिथ पीची होत्या. एडिनबर्गमध्ये मेडिकलला प्रवेश मिळवण्यासाठी ज्या सात मुली भांडल्या होत्या त्यातल्या त्या एक. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर व्हायला प्रोत्साहन दिलं, मदत उभी राहिली, आणि १८८९ मध्ये रखमाबाई बोटीने इंग्लंडला निघाल्या.

तेव्हा मराठी मुलीने डॉक्टर होणं म्हणजे काय, याचं उदाहरण ताजं होतं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या आणि भारतात परतून, प्रॅक्टिस सुरू करण्याआधीच १८८७ मध्ये गेल्या. आनंदीबाईंच्या मागे नवऱ्याचा हट्ट होता. रखमाबाई नवऱ्याला नाकारून निघाल्या होत्या.

लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये त्या शिकल्या, रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये काम केलं, ब्रसेल्सहून एम.डी. घेतली. भारतात परतल्यावर थोडे दिवस कामा हॉस्पिटल केलं आणि १८९५ मध्ये सुरतच्या बायकांच्या हॉस्पिटलचा कारभार हातात घेतला.

मधल्या काळात देशात एक बदल झाला होता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मुलींसाठीची वयाची अट १० वरून १२ झाली. बंगालमधल्या फुलमणी या लहान मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीमुळे झालेला मृत्यू हे त्यामागचं तातडीचं कारण होतं, पण वातावरण तापलं होतं ते रखमाबाईंच्या खटल्यापासून. १२ हे वयसुद्धा आज वाचताना अंगावर येतं. तेव्हा त्यावरही रान उठलं होतं.

सुरतमध्ये त्या वीसेक वर्षं राहिल्या. बायका पुरुष डॉक्टरला दाखवायच्या नाहीत, बाळंतपण घरातच व्हायचं, हॉस्पिटल म्हणजे मरायची जागा असा समज. अशा ठिकाणी रोज जाऊन बसणं हे काम खटल्यासारखं पेपरात येत नाही. १९१८ च्या सुमारास त्यांना विमेन्स मेडिकल सर्व्हिस या सरकारी सेवेत यायची ऑफर आली. मोठं पद, मान, सगळं होतं. त्यांनी नाही म्हटलं आणि राजकोटच्या जनाना हॉस्पिटलमध्ये गेल्या. नाही म्हणायची सवय त्यांना जुनीच. तिथे रेडक्रॉसचं काम सुरू केलं आणि साठी उलटून गेल्यावर, १९३० च्या आसपास निवृत्त झाल्या. सगळे मिळून जवळपास ३५ वर्षं डॉक्टरकी. निवृत्तीच्या सुमारास पडदा पद्धत बंद करा म्हणून त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली.

या आयुष्यात एक गोष्ट मात्र कोड्यात टाकते. १९०४ मध्ये दादाजी वारले. आणि ज्या माणसाच्या घरात रखमाबाई एक दिवस नांदल्या नाहीत, त्याच्या निधनानंतर त्या विधवेसारखं पांढरं लुगडं नेसू लागल्या.

का? लादलेल्या वैधव्यावर पत्र लिहिणाऱ्या याच ना? काही अभ्यासक म्हणतात समाजात राहून काम करायचं तर तडजोड लागते. बायका पेशंट म्हणून यायला हव्या असतील तर डॉक्टरीणबाई त्यांच्यातल्याच वाटायला हव्यात, असंही असेल. किंवा कायद्याने जे नातं कधी सुटलंच नाही ते संपल्याची त्यांनी स्वतःपुरती केलेली नोंद असेल. त्यांना बंडखोर म्हणून चौकटीत बसवायला गेलं की हे पांढरं लुगडं आडवं येतं. पण २० वर्षांपूर्वीचा निर्णयही त्यांनी कोणाला पटावा म्हणून घेतला नव्हता, हेही खरं.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. त्यांच्या हयातीतच १९२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि नांदायला न जाणाऱ्या बायकोला जेलमध्ये टाकायची तरतूद गेली. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला आणि देशभरातल्या हिंदू बायकांना घटस्फोटाचा हक्क मिळाला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ ला, वयाच्या ९० व्या वर्षी रखमाबाई गेल्या.

त्याच हिंदू विवाह कायद्यात कलम ९ आहे. जोडीदार सबळ कारणाशिवाय वेगळा राहत असेल तर त्याला किंवा तिला परत नांदायला पाठवा, अशी मागणी या कलमाखाली नवरा किंवा बायको कोर्टात करू शकतात. म्हणजे ज्या दाव्यावर रखमाबाईंचा खटला उभा होता तोच. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वैध धरलं. २०१९ मध्ये त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात पुन्हा एक याचिका दाखल झाली.