विश्लेषण : रहस्यकथांची सम्राज्ञी लाटेवर स्वार झाली तेव्हा... अगाथा ख्रिस्ती सर्फिंग कुठे शिकल्या?

अगाथा ख्रिस्ती म्हटले की विषप्रयोग, बंद दारे आणि चाणाक्ष गुप्तहेर आठवतात. मात्र वयाच्या ३१व्या वर्षी याच लेखिकेने हवाईच्या समुद्रात फळीवर उभे राहण्याची कला आत्मसात केली होती. लाटेवर उभे राहून सर्फिंग करणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या ब्रिटिशांमध्ये त्यांची गणना होते.

प्रवासाचे निमित्त काय?

अगाथा यांचा जन्म १८९० मध्ये इंग्लंडमधील टॉर्की या किनारी गावात झाला. पोहणे लहानपणापासूनचे. १९१४ मध्ये आर्ची ख्रिस्ती यांच्याशी विवाह झाला आणि १९२० मध्ये पहिली कादंबरी आली. लंडनमध्ये १९२४ साली भरणाऱ्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाच्या प्रचारासाठी एक शिष्टमंडळ जगभर निघाले. त्यात आर्ची यांना आर्थिक सल्लागाराचे काम मिळाले. परतल्यावर जुनी नोकरी मिळेलच, याची हमी नव्हती. मुलगी रोझलिंड जेमतेम अडीच वर्षांची. तिला आजी आणि मावशीकडे ठेवून जानेवारी १९२२ मध्ये दोघे बोटीवर चढले.

सर्फिंगशी ओळख कुठे झाली?

दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनजवळच्या म्युझनबर्ग किनाऱ्यावर. तिथल्या फळ्या पातळ आणि हलक्या. त्यांवर पालथे पडून लाटेसोबत किनाऱ्याकडे यायचे. फळीचे टोक वाळूत रुतले की दणका ठरलेला. तरीही हा नाद सुटला नाही.

हवाईत काय घडले?

ऑगस्ट १९२२ मध्ये दोघे सुट्टीसाठी होनोलुलूला पोहोचले. वायकिकी किनाऱ्यावर तेव्हा स्थानिक तरुण पाहुण्यांना सर्फिंग शिकवत. इथल्या फळ्या जड, लाटा मोठ्या. हातांनी पाणी मारत प्रवाळाच्या खडकांपर्यंत जायचे आणि योग्य लाट ओळखून तिच्यासोबत सुटायचे. लाट निवडताना चूक झाली की फळी एकीकडे, माणूस दुसरीकडे. उन्हाने कातडी सोलली, प्रवाळाने पाय कापले. लाटांच्या माऱ्यात रेशमी पोहण्याचा पोशाख फाटला, तेव्हा अगाथा यांनी हिरवा लोकरी पोशाख घेतला. साधारण दहा दिवसांनी त्या फळीवर उभ्या राहण्याचा प्रयत्न करू लागल्या. सुरुवातीचे प्रयत्न फसले. मग एक दिवस किनाऱ्यापर्यंत तोल टिकला.

पुढे काय झाले?

म्युझनबर्गचा अनुभव 'द मॅन इन द ब्राऊन सूट' (१९२४) या कादंबरीत उतरला. संसाराचा तोल मात्र टिकला नाही. १९२६ मध्ये आईचा मृत्यू झाला. त्याच वर्षी आर्ची यांनी दुसऱ्या स्त्रीसाठी घटस्फोट मागितला. डिसेंबरमध्ये अगाथा ११ दिवस बेपत्ता होत्या. १९२८ मध्ये विवाह संपला आणि त्याच वर्षी त्या ओरिएंट एक्स्प्रेसने एकट्याच बगदादच्या वाटेला लागल्या. पुढच्या इराक भेटीत पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन भेटले. १९३० मध्ये दोघांचा विवाह झाला.

१२ जानेवारी १९७६ रोजी अगाथा यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सर्फिंगच्या त्या दिवसांना त्यांनी आवर्जून जागा दिली आहे. त्या ११ दिवसांबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही.