पैसे नेमके कशाचे देताय?

नवा स्पीकर घ्यायला निघालात की बजेट असतं तीन हजारांचं आणि मन जाऊन बसतं तीस हजारांच्या मॉडेलवर. किंमत दहापट म्हणजे आवाजही दहापट भारी, असं आपण धरूनच चालतो. हेन्री क्लॉस या अमेरिकन माणसाने आयुष्यभर हेच गणित उलटंपालटं करून पाहिलं.

क्लॉस यांचा जन्म 1929 चा, पेनसिल्व्हेनियातला. एमआयटीत शिकताना खर्च भागवायला ते स्पीकरच्या लाकडी पेट्या बनवायला लागले. डिग्री अर्धवट सुटली, पेट्या मात्र सुटल्या नाहीत. पुढे सैन्यात असताना रात्रीच्या वर्गात त्यांना एडगर विल्चर हे शिक्षक भेटले. त्या काळी दणदणीत बास हवा तर कपाटाएवढा स्पीकर घ्यावा लागे. विल्चर यांची आयडिया वेगळी होती: पेटी हवाबंद करा, आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करेल. 1954 मध्ये दोघांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि शेल्फवर मावणाऱ्या खोक्यातून खोल बास ऐकू यायला लागला.

अर्थात, फुकट काहीच नव्हतं. या स्पीकरला जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लागायचा. 1957 च्या केएलएच कंपनीतले क्लॉस यांचे भागीदार अँटन हॉफमन यांनी तर नियमच मांडला. छोटी पेटी, खोल बास आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडायची तयारी हवी.

काय सोडायचं, हे क्लॉस यांना बरोबर कळायचं. अ‍ॅडव्हेंट कंपनीच्या 1969 च्या स्पीकरसाठी त्यांनी टार्गेट ठेवलं: बास सगळ्यात महागड्या स्पीकरइतका खोल, किंमत निम्म्याहून कमी. महागडे ब्रँड तीन-तीन ड्रायव्हर लावत, यांनी दोनांत भागवलं. अक्रोडाच्या लाकडातलं मॉडेल होतं, तसंच साध्या व्हिनाइलच्या आवरणातलं स्वस्त मॉडेलही होतं. आतला माल दोन्हीत सेम!

सगळीच गणितं मात्र जमली नाहीत. मोठ्या पडद्याच्या प्रोजेक्शन टीव्हीचं वेड त्यांना महागात पडलं. अ‍ॅडव्हेंट आर्थिक अडचणीत आली आणि क्लॉस बाहेर पडले. पण माणूस थांबला नाही. 1988 मध्ये केंब्रिज साउंडवर्क्स काढून त्यांनी स्पीकर थेट ग्राहकाला विकले, मधल्या दुकानदाराचं मार्जिनच उडवलं. 2000 मध्ये त्यांनी डिझाइन केलेला टिव्होली मॉडेल वन हा रेडिओ आला. एकच स्पीकर, मोजकी बटणं आणि किंमत सुमारे 100 डॉलर. जानेवारी 2002 मध्ये ते गेले.

आता तुमची पाळी. दुकानात दोन्ही मॉडेल एकाच गाण्यावर ऐका. व्हॉल्यूमही सारखाच ठेवा, कारण जो मोठ्याने वाजतो तो उगाच चांगला वाटतो. फरक ऐकू आला तर खुशाल जास्त पैसे मोजा. नाही आला, तर ते पैसे लाकडाचे, लोगोचे किंवा दुकानाच्या एसीचे आहेत. ते द्यायचे का, तुम्हीच ठरवा.