ब्रेन ट्युमरचा मेसेज आणि डॉ. खानोलकर

फोन उशाशी ठेवून झोपलात तर ब्रेन ट्युमर होईल, हा मेसेज आपल्या जुन्नर-आंबेगावच्या फॅमिली ग्रुपवरही फिरतो. पण अमुक गोष्टीमुळे कॅन्सर होतो, हे ठरवतात कसं? भारतात हे काम ज्यांनी रुजवलं, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

त्यांचा जन्म १८९५ चा. लंडनला पॅथॉलॉजी शिकून १९२३ साली ते एम.डी. झाले आणि मुंबईला येऊन मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या लॅबची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

गाठ मायक्रोस्कोपखाली बघून ते थांबले नाहीत. गाठ कुठे आहे आणि पेशंटला सवय कसली आहे, याची त्यांनी सांगड घातली. १९४५ च्या पेपरमध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी तीन प्रकार दाखवले. तंबाखू-चुना ओठामागे धरणाऱ्यांना तिथेच कॅन्सर, पेटतं टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढणाऱ्यांना टाळूला, तर धोतर घट्ट कसणाऱ्यांना कमरेच्या कातडीला. पुढे १९५५ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी कॅन्सर असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या तंबाखूच्या सवयी शेजारी ठेवून तपासल्या.

१९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, त्याचे ते पहिले संचालक. डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. १९५५ ला पद्मभूषण मिळालं, १९७८ ला ते गेले.

मेंदू आणि मणक्यातल्या ट्युमरची कारणं आजही याच तुलनेच्या पद्धतीने शोधतात. अडचण अशी, की हे आजार दुर्मिळ. पेशंट कमी, आणि दहा वर्षांपूर्वी फोनवर किती बोलायचो हे कुणाला नीट आठवतं? डोक्याला मिळालेलं एक्स-रेसारखं तीव्र रेडिएशन आणि काही आनुवंशिक आजार यांनी धोका वाढतो, एवढं पक्कं. मोबाईलच्या लहरींमध्ये डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा नसते. २०११ मध्ये त्यांना 'कदाचित' या गटात टाकलं होतं. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मात्र मोबाईल आणि ब्रेन कॅन्सरचा संबंध दिसला नाही.

आता घरात बघा. फोन उशापासून लांब ठेवायला सांगणारी आजी सकाळी मिश्री लावते का? तिच्याशी आधी त्यावर बोला. तंबाखूचा पुरावा सत्तर-ऐंशी वर्षं जुना आहे.