लॉरी बेकर : विदेशातून आलेले, भारताचे झालेले वास्तुविशारद

तिरुवनंतपुरमला गेलात, तर रेल्वेस्थानकाजवळचे चक्राकार चढत जाणारे विटांचे कॉफी हाऊस अवश्य पहा. ते उभारणारे लॉरी बेकर मूळचे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे. जन्म 1917 चा, पंथ क्वेकर. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र न धरता त्यांनी चीनमध्ये रुग्णसेवा केली. परततांना मुंबईत जहाजासाठी थांबावे लागले आणि तेथे गांधीजींची भेट घडली. घराचे साहित्य पाच मैलांच्या आतील असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला.

1945 मध्ये ते कुष्ठरोग्यांसाठी इमारती बांधण्यास भारतात आले. पुढे केरळच्या डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह करून दोघे पिथोरागडच्या डोंगरात राहिले. तेथे या पदवीधराला आपले शिक्षण अपुरे वाटू लागले. दगडमातीची घरे बांधणारे अशिक्षित पहाडी लोक त्यांचे गुरु झाले. (पदवीचा अहं असा गळून पडणे सोपे नसते !)

केरळमध्ये त्यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचल्या. भिंतीत पोकळी राहते, सुमारे पाव भाग विटा वाचतात आणि उष्णता आत कमी येते. छताच्या काँक्रीटमध्ये खालच्या बाजूला जुनी कौले घालून सिमेंट आणि लोखंड वाचवले. गिलावा नाही, खिडकीऐवजी जाळी. आराखडे अनेकदा वापरलेल्या कागदांच्या पाठीवर !

1989 मध्ये ते भारतीय नागरिक झाले, 1990 मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. 2007 मध्ये तिरुवनंतपुरम येथेच त्यांनी देह ठेवला.