ग्रीसच्या देवळांचा कवी लॉर्ड बायरन

लॉर्ड बायरन हा इंग्रजी भाषेतला फार मोठा कवी होऊन गेला. त्याचा जन्म २२ जानेवारी १७८८ रोजी लंडन शहरात झाला. त्याचा उजवा पाय जन्मापासून अधू होता, म्हणून तो लंगडत चाले. तो तीन वर्षांचा असताना वडील वारले. आईने त्याला स्कॉटलंडात वाढवले. घरात पैशाची ओढाताण होती. पण १७९८ साली त्याचे चुलत आजोबा वारले आणि त्यांची जहागीर ह्याला मिळाली. तेव्हा तो फक्त दहा वर्षांचा होता, म्हणजे आपल्याएवढाच! वाडा मिळाला खरा, पण तोही पडका होता.

कॉलेजात गेल्यावर त्याला कुत्रा पाळायचा होता. पण तिथे कुत्र्याला बंदी होती. मग त्याने चक्क अस्वल पाळलं. मला ही गोष्ट फार आवडली.

१८०९ साली तो मित्राबरोबर प्रवासाला निघाला आणि ग्रीस देशात गेला. त्या वेळी ग्रीसवर तुर्की सुलतानाचे राज्य होते. अथेन्स शहरात एका उंच टेकडीवर पार्थेनॉन नावाचे अथेना देवीचे देऊळ आहे. ते पांढऱ्या संगमरवरी दगडाचे आहे आणि सुमारे २,४५० वर्षांपूर्वी बांधलेले आहे. १६८७ सालच्या लढाईत तुर्कांनी त्यात दारूगोळा ठेवला होता. त्यावर तोफेचा गोळा पडला आणि देऊळ मधूनच उडाले. तरी खांब उभे राहिले. बायरनने ते पडके देऊळ बघितले आणि त्याला कविता सुचल्या. ज्या लोकांनी एवढं मोठं काम केलं ते आता गुलाम झाले, याचं त्याला वाईट वाटलं.

पण दुसऱ्या एका गोष्टीचा त्याला जास्त राग आला. लॉर्ड एल्गिन नावाचा ब्रिटिश वकील सुलतानाच्या दरबारी होता. हा कोर्टातला वकील नव्हे, राजाचा वकील. त्याच्या माणसांनी १८०१ पासून देवळावरच्या मूर्ती आणि कोरीव दगड काढून इंग्लंडला न्यायला सुरुवात केली होती. त्याच टेकडीवर दुसरं एक देऊळ आहे. त्याच्या एका बाजूला खांबांच्या जागी दगडाच्या सहा मुली डोक्यावर छत घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक मुलगी एल्गिनने नेली. मागे राहिलेल्या पाच बहिणी रात्री रडतात, अशी गोष्ट तिथले लोक सांगत.

एल्गिन ब्रिटिश आणि बायरनही ब्रिटिश. पण बायरनने आपला माणूस म्हणून सोडलं नाही. १८११ साली त्याने मिनर्व्हाचा शाप नावाची कविता लिहिली. मिनर्व्हा म्हणजे अथेना देवीच. त्या कवितेत देवी एल्गिनला शाप देते. १८१२ साली त्याचे प्रवासाचे मोठे काव्य छापून आले, त्यातही तो एल्गिनवर रागावला आहे. त्या पुस्तकाच्या ५०० प्रती तीन दिवसांत संपल्या! तरी सरकारने १८१६ साली ते सगळे दगड ३५,००० पौंडांना विकत घेतले. ते अजून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ग्रीक लोक ते परत मागतात. त्यांनी २००९ साली अथेन्समध्ये नवीन संग्रहालय उघडले. तिथे त्या पाच बहिणी आहेत आणि सहावीची जागा मोकळी ठेवली आहे. मला वाटतं तिला परत पाठवावी.

मात्र बायरनची एक गोष्ट मला पटली नाही. समुद्राकाठी सुनियो नावाच्या जागी एक जुने देऊळ आहे. त्याच्या दगडावर बायरनचे नाव कोरलेले आहे, आणि ते त्यानेच कोरले असे म्हणतात. आम्ही सहलीला किल्ल्यावर गेलो तेव्हा भिंतीवर नावे लिहू नका असे गुरुजींनी बजावले होते. कवी झाला म्हणून काय झालं?

बायरन पोहण्यात पटाईत होता. ३ मे १८१० रोजी तो युरोप आणि आशिया यांच्यामधली समुद्राची पट्टी पोहून गेला. पाण्यात त्याचा पाय आड आला नाही.

१८२१ साली ग्रीक लोकांनी तुर्कांविरुद्ध लढाई सुरू केली. बायरन नुसत्या कविता करत बसला नाही. त्याने ग्रीक आरमाराला ४,००० पौंड दिले आणि १८२४ च्या जानेवारीत तो स्वतः मिसोलोंगी गावी गेला. तिथे तो पावसात भिजला आणि तापाने आजारी पडला. त्या काळी ताप आला की डॉक्टर रोग्याचे रक्त काढत. त्याचेही पुष्कळ रक्त काढले, म्हणून तो आणखीनच अशक्त झाला. १९ एप्रिल १८२४ रोजी तो वारला. त्याचे वय फक्त ३६ होते. १८३० साली ग्रीस स्वतंत्र झाला, ते त्याला बघायला मिळालं नाही.

त्याचा देह जहाजाने इंग्लंडला नेला. मोठमोठ्या कवींना पुरतात त्या लंडनच्या चर्चने जागा दिली नाही, म्हणून हकनॉल गावी त्याला पुरले. त्या मोठ्या चर्चमध्ये त्याच्या नावाची फरशी बसली ती १९६९ साली. ग्रीक लोकांनी मात्र एवढी वर्षे लावली नाहीत. अथेन्सच्या एका भागाला त्याचे नाव आहे, आणि तिकडे मुलांचे नावसुद्धा बायरनवरून ठेवतात. ते त्याला विरोनास म्हणतात.