दानशूर प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद हे मूळचे सुरतेचे. मुंबईस त्यांनी कापसाच्या व्यापारात मोठे नाव मिळविले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. साहजिकच हिंदी कापसाचे भाव चढले व मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या भरभराटीत, १८६४ साली, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष व घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांचे अपार वैभव लयास गेले. दान मात्र अढळ राहिले. १८७८ साली मनोरा पूर्ण झाला. त्यास त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव लाभले. १९०६ साली प्रेमचंद निवर्तले. व्यापारातील धन आले तसे गेले. विद्येस वाहिलेले धन पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडत आहे.