डॉ. हेलन टॉसिग

हेलन टॉसिग यांचा जन्म १८९८ साली अमेरिकेत झाला. त्या अकरा वर्षांच्या असताना आई क्षयाने वारली. पुढे त्यांना डॉक्टर व्हायचे होते. पण हार्वर्ड विद्यापीठ तेव्हा मुलींना वैद्यकीय पदवीच देत नव्हते! अखेर १९२७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. १९३० पासून तेथील मुलांच्या हृदयरोगाचा दवाखाना त्या पाहू लागल्या. पुढे त्यांना ऐकू येईनासे झाले. मग बाळाच्या छातीवर हात ठेवून त्या हृदयाचे ठोके बोटांनी ओळखत.

काही बाळांचे ओठ व नखे निळी दिसत. त्यांच्या फुप्फुसांकडे पुरेसे रक्त जात नसे. अशी मुले सहसा लवकर दगावत. जन्माआधी प्रत्येक बाळाच्या हृदयाजवळ एक जोडनलिका असते. जन्मानंतर ती बंद होते. ती उघडी राहिलेली निळी बाळे बरी राहतात, हे टॉसिग यांनी हेरले. मग तशी वाट मुद्दाम का करू नये? शल्यविशारद ब्लालॉक व त्यांचे कृष्णवर्णीय साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ती रीत बसवली. थॉमस यांना पैशाअभावी वैद्यकीय शिक्षण घेता आले नव्हते. तरी शस्त्रक्रियेच्या वेळी ब्लालॉक यांच्यामागे उभे राहून तेच सूचना देत.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी सव्वा वर्षाच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ती बिचारी पुढे वर्षभरही जगली नाही. पण १९४५ साली सहा वर्षांच्या एका मुलाचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. मग दूरदूरचे आईबाप आपली मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले.

पूर्ण प्राध्यापकपद मात्र टॉसिग यांना १९५९ साली, साठीनंतर मिळाले. १९८६ साली मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.